तीनशे नऊचा पट्टा

माझ्या थोरल्या मावशीला हॉस्पिटलात सगळे ‘नाकबाई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. एकतीस वर्षं ती सर्जिकल वॉर्डात होती, त्यातली शेवटची अठरा वर्षं वॉर्डाची मुख्य सिस्टर. सकाळी सातला ड्युटीवर आली की ती आधी रजिस्टर उघडत नसे. वॉर्डाच्या दारात उभी राहायची, डोळे मिटायची आणि एक लांब श्वास घ्यायची. मग थेट एखाद्या खाटेपाशी जाऊन म्हणायची, ‘यांचं ड्रेसिंग आधी सोडा.’ ताप चढायच्या आधी, रिपोर्ट यायच्या आधी तिला जखम बिघडल्याचं कळायचं. नवे डॉक्टर सुरुवातीला हसत. सहा महिन्यांनी तेच राउंडला आल्यावर हळूच विचारत, ‘सिस्टर, आज नाक काय म्हणतंय?’

लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, ‘एकेक पुरुष जवळून बघितला ना वॉर्डात, हौस फिटली.’ बोलणं असं तिरकस. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण तिचा हात जखमेला लागला की दुखणाऱ्या माणसाचे खांदे खाली यायचे, हे मी लहानपणी माझ्याच फुटलेल्या गुडघ्यावर अनुभवलेलं आहे.

तिच्याबद्दल सांगायचं तर मला माझ्या पोटाबद्दल सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या चारही भिंतींना आरसे. गिऱ्हाईक स्वतःचं नाक बघतं आणि मला दिवसभर माझी मी दिसते. दोन वर्षं घाम गाळून मी बत्तीस किलो वजन उतरवलं. पण कातडी काही उतरली नाही, पोटावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबत राहिली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, थांबा, आणखी एक वर्ष जाऊ द्या. थांबणं माझ्या रक्तात नाही. मी परदेशातलं एक क्लिनिक शोधलं. ऑपरेशन, आठ दिवस हॉटेलात विश्रांती, विमानतळावर ने-आण, सगळं एकाच ठिकाणी. घरी परतल्यावर पुढचं कोण बघणार, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘टाकेच तर काढायचे असतात, कुणीही काढेल.’ तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या धंद्यात ‘कुणीही काढेल’ असं कुणी म्हणत नाही. पण माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्याला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. ते हॉटेल मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तिसरा मजला सगळा आम्हा पेशंट बायकांचा. जमिनीवर जाड गालिचा, त्यामुळे पाऊल वाजायचं नाही. खोल्यांतले आरसे काढून टाकलेले होते आणि भिंतीवर त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलेलं. मग आम्ही कमरेत वाकून, गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत जखमेतलं पाणी ओढणाऱ्या नळीची बाटली, अशा त्या कॉरिडॉरमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरायचो. बारा-पंधरा बायका, कुणाची भाषा कुणाला येत नाही, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे गाऊन. समोरून येणारी मान वर करू शकायची नाही, मीही नाही. चेहरे दिसायचेच नाहीत, नुसती पावलं दिसायची. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी बायकांना त्यांच्या सपातांवरून ओळखते आहे.

पोटाला घट्ट पट्टा बांधायचा असे. हुकांच्या तीन ओळी. पोटावर चीर असलेल्या बाईला तो स्वतःचा स्वतः ओढून लावता येत नाही. पहिले पाच दिवस नर्स येऊन लावायची. सहाव्या दिवसापासून ती येणार नाही, काही लागलं तर फोन करा, असं सांगून ती गेली. फोनवर एक गोड आवाजाची बाई असायची, सगळी व्यवस्था तिच्याकडे. ती म्हणाली, ‘दाराला पाटी अडकवा, म्हणजे कुणी त्रास देणार नाही.’ पाटीवर झोपलेल्या बाईचं चित्र होतं.

मग त्या मजल्यावरच्या बायकांनी आपली आपण रीत पाडली. पट्टा दाराच्या बाहेरच्या मुठीला अडकवला, की त्याचा अर्थ: मी उठले आहे, ये आणि मला बांध. माझी खोली तीनशे आठ. माझी जोडीदारीण समोरची, तीनशे नऊ. पन्नाशीची असेल, केस पांढरे, बोटावर अंगठी काढल्याची खूण. मी दोनदा दार वाजवायची. ती पाठमोरी उभी राहायची आणि मी हुक लावताना मोठ्यानं मोजायची: एक, दोन, तीन. मग माझी पाळी. ती तिच्या भाषेत मोजायची. तिचे आकडे माझ्या लक्षात राहिले नाहीत, पण ती तिसऱ्या दिवशी माझे आकडे म्हणू लागली. ‘एक’ फार छान म्हणायची. पट्टे दोघींचे एकाच मापाचे, कातडीच्या रंगाचे, आत काळ्या शाईनं खोलीचा नंबर.

नवव्या दिवशी सकाळी माझं विमान होतं. आदल्या दिवशी धुतलेला माझा पट्टा वाळलेला नव्हता. तिचा पट्टा तिच्या दाराच्या मुठीला, झोपलेल्या बाईच्या पाटीखाली होता. मी दार वाजवलं. कुणी उघडलं नाही. खाली गाडी उभी होती. मी तो कोरडा पट्टा घेतला, माझा ओला तिच्या मुठीला अडकवला, सफाईवाल्या बाईकडून हुक लावून घेतले आणि निघाले. एवढंच घडलं, असं मी त्यानंतर तीन दिवस स्वतःला सांगत होते.

घरी आले आणि आगीतून फुफाट्यात पडल्याचं कळलं. पोटातली नळी अजून तशीच होती. ती बाराव्या दिवशी तुमच्या गावातला डॉक्टर काढेल, असं कागदावर लिहिलेलं होतं. गावातल्या पहिल्या डॉक्टरनं कागद वाचला आणि हात वर केले. दुसरी डॉक्टरीण जरा स्पष्ट बोलणारी होती. ‘ज्यानं शिवलंय त्यालाच दाखवा. उद्या काही झालं तर नाव माझं येईल.’ गोड आवाजाच्या बाईला फोन केला, तर तिनं फुलाचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, भरपूर पाणी प्या. नवऱ्यानं तो निरोप वाचला, गाडीची किल्ली उचलली आणि विचारलं, ‘मावशींना आणू का?’

मावशी दुसऱ्या दिवशी दहा वाजता आली. हातात जुनी चामडी पिशवी, पायात वॉर्डातलेच पांढरे बूट. चौसष्ट वर्षांची, पण पाठ ताठ.

‘आरशांनी सांगितलं आणि तू पोट कापून घेतलंस,’ ती म्हणाली. ‘आम्ही इथे मेलो होतो का, सांगून जायला?’

‘तू नको म्हणाली असतीस.’

‘म्हटलं असतंच. म्हणून तर विचारायचं असतं माणसाला.’ मग हात धुवत म्हणाली, ‘आडवी हो. जावईबापू, तुम्ही चहा टाका, इथे गर्दी नको.’

तिनं मला कुशीवर वळवून पट्ट्याचे हुक सोडले, पट्टा बाजूला केला, आणि तिचा हात थांबला. मी वर पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. असे डोळे मिटलेली मावशी मी लहानपणापासून ऐकत आले होते, पाहिली कधीच नव्हती.

‘काय झालं? बिघडलंय का?’

‘काही नाही,’ ती म्हणाली. तिनं चीर इकडून तिकडून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवलं, बाटलीतलं पाणी उजेडात धरून बघितलं. ‘जखम चांगली आहे. ताप नाही. ज्यानं शिवलं त्याचा हात चांगला आहे, त्याचं डोकं कसंही असो.’

पण दिवसभर ती घरात निवांत बसली नाही. मी झोपलेल्या खोलीत यायची, उंबऱ्यात थांबायची, परत जायची. एकदा मी पट्टा सोडून बाथरूमला गेले आणि येताना पाहिलं, तर ती खुर्चीवर पडलेल्या पट्ट्याकडे बघत भिंतीला टेकून उभी होती. कुत्रा दिसल्यावर लहान मूल उभं राहतं तशी. मी आल्यावर म्हणाली, ‘हा धुतलायस ना?’ मी म्हटलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर फिनेलची बाटली उघडी ठेवलेली होती.

‘याचा वास येतोय तुम्हाला?’

डोळ्यांत पाणी येईल इतका येत होता. तिनं बाटली उचलून नाकाशी धरली आणि सरळ आत श्वास ओढला. तिचा चेहरा जराही हलला नाही.

‘मला येत नाही,’ ती म्हणाली. ‘दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आला होता ना, त्यात गेला. चहाचा येत नाही, साबणाचा येत नाही, करपलेल्याचा येत नाही. कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारीपाजारी अजून जखम दाखवायला येतात, मी डोळ्यांनी बघून काम भागवते.’

मी माझा जीव जिच्या नाकावर सोपवला होता, ते नाक बंद पडलेलं होतं. मला राग आला आणि मी तो लपवला नाही. ‘मग आलीस कशाला?’

‘डोळे आणि हात अजून आहेत म्हणून आले,’ ती म्हणाली. ‘आता पुढचं ऐक. मला एक वास येतो. एकच.’

मग तिनं अकरा नंबरच्या खाटेची गोष्ट सांगितली. ती नोकरीला लागल्यानंतर सहाव्या वर्षी त्या खाटेवर एक शिंपी होता. तिला वास आला. सर्जन नवा होता, तो म्हणाला, रिपोर्ट स्वच्छ आहेत सिस्टर, तुमच्या नाकाला सुट्टीवर पाठवा. सगळे हसले आणि ती गप्प बसली. शिंपी तिसऱ्या दिवशी गेला. ‘शेवटपर्यंत मी त्याच्याजवळ होते,’ मावशी म्हणाली. ‘तो जायच्या जरा आधी वास एकदम थांबला. दार लावल्यासारखा. तेव्हा मला कळलं, हा वास मेलेल्याचा नसतो. आत झगडा चालू असतो त्याचा असतो. झगडा संपला की तो संपतो. त्यानंतर मी कधी गप्प बसले नाही.’

‘आणि आता तोच वास येतोय?’ नवऱ्यानं विचारलं.

‘काल दहा वाजल्यापासून. नाकाच्या डॉक्टरनं मला सांगितलं होतं, असं होतं म्हणून. नाक गेलेल्या माणसाला नसलेले वास येतात. डोक्यात असतं ते. म्हणून मी काल बोलले नाही. पण हा वास हिच्या अंगाला येत नाही. पट्ट्याला येतो.’

माझ्या नवऱ्यानं पट्टा उचलून हुंगला. मीही हुंगला. साबण, आणि थोडं विमानातलं. बस.

‘माझाच माझ्यावर भरवसा नाही,’ मावशी म्हणाली. ‘तेव्हा माझी परीक्षा घ्या.’

परीक्षा घेतली माझ्या नवऱ्यानं. त्यानं फळीवरचे चार सारखे डबे काढले, घट्ट झाकणाचे. एकात पट्टा, दुसऱ्यात टॉवेल, तिसऱ्यात माझा गाऊन, चौथा रिकामा. मावशीला बाल्कनीत पाठवलं, डबे जत्रेतल्या जादूगारासारखे फिरवले आणि तिला आत बोलावलं. ती टेबलापाशी आली, कशालाही हात न लावता म्हणाली, ‘हा.’ बरोबर. पुन्हा फिरवले. ‘हा.’ पुन्हा बरोबर. आम्ही आधी हसत होतो. चौथ्या वेळी हसू थांबलं. पाचव्या वेळी नवऱ्यानं लबाडी केली. पट्टा एकाही डब्यात न ठेवता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आपल्या हत्यारांच्या पिशवीत पार तळाशी कोंबला आणि पिशवी बाहेरच्या दाराजवळ ठेवली. मावशी आत आली. डब्यांकडे तिनं पाहिलंही नाही. ती टेबलाजवळून सरळ पुढे गेली, चपलांच्या कपाटापाशी थांबली आणि पिशवीकडे बोट दाखवलं.

‘जावईबापू, म्हातारीला फसवायचं नसतं,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा होती. माझ्या नवऱ्याच्या हातांवर काटा आलेला मला दिसत होता.

तिनं पट्टा उलटा करून खिडकीपाशी नेला. आतला आकडा धुण्यात पसरला होता. तीन आणि शून्य वाचता येत होतं, शेवटचा आकडा म्हणजे नुसता काळा डाग.

‘हा तुझाच ना?’ तिनं विचारलं.

मला खरं सांगता आलं असतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. पण चोराच्या मनात चांदणं. पट्टा दुसरीचा आहे म्हटलं, की तो माझ्याकडे कसा, हे सांगावं लागणार. तिनं दार का नाही उघडलं, हे सांगावं लागणार. मी म्हटलं, ‘माझाच. कुणाचा असणार?’

‘मग चल हॉस्पिटलात,’ मावशी म्हणाली. ‘तुझ्या आत काहीतरी सुरू झालंय. दिसत नाहीये, पण झालंय.’

मला ठाऊक होतं की माझ्या आत काही झालेलं नाही. तरी मी गाडीत बसले. तातडीच्या विभागात मावशी तिथल्या तरुण डॉक्टरला अधिकारानं बोलली, रक्त तपासा, फोटो काढा, वाट बघू नका. पेशंट, नातेवाईक, नर्सेस, सगळे ऐकत होते. चार तासांनी रिपोर्ट आले. सगळे स्वच्छ. डॉक्टरनं, आलाच आहात तर म्हणून, नळीही काढून दिली, माझं त्यातही भलं झालं. मग त्यानं विचारलं, नेमका त्रास काय होता? मावशी म्हणाली, ‘मला वास आला.’ तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं समजुतीच्या सुरात म्हटलं, ‘आजी, एकदा नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. या वयात होतं असं.’ मागे एक नर्स तोंडावर हात धरून वळली.

परतताना गाडीत मावशी खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि पहिल्यांदाच तिची पाठ वाकलेली दिसली. मी तिच्या शेजारी बसून हे सगळं बघत होते. माझ्या एका खोट्यामुळे तिची एकतीस वर्षं त्या डॉक्टरच्या टेबलावर मातीमोल झाली होती. तरी मी बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी भरत होती.

‘नळी निघाली. टाके परवा कुणीही काढेल,’ ती म्हणाली. ‘तू जावईबापूंना म्हणाली होतीस तसं.’

‘तू का चाललीस?’

‘मला अजून येतोय तो,’ ती पिशवीत बघत म्हणाली. ‘काल रिपोर्ट स्वच्छ आले तरी येतोय. कालच्यापेक्षा जास्त. म्हणजे माझंच नाणं खोटं. आता मी कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. एकदा गप्प बसून माणूस घालवला, आता बडबड करून कुणाला तरी घालवीन.’

तिचे डोळे भरले होते. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, माझी आई गेली तेव्हाही नाही. मग माझा बांध फुटला.

‘मावशी, पट्टा माझा नाही.’

ती थांबली. मी सांगितलं. तीनशे नऊ, दोघींची रीत, हुक, मोजणं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या बाईनं माझा हात धरून आपल्या कुशीवर ठेवला होता आणि ती जागा तव्यासारखी तापलेली होती. ती काहीतरी सांगत होती, मला एक शब्द कळत नव्हता, म्हणून मी मान डोलावून हसले आणि माझ्या खोलीत जाऊन बॅग भरली. आणि सकाळी दार वाजवलं तेव्हा कुणी उघडलं नाही, हे खरं होतं. पण आतून आवाज आला होता. बारीक, पलंगावरून आल्यासारखा. ती म्हणाली होती, ‘एक.’ मी येऊन हुक लावीन आणि मोजीन म्हणून तिनं सुरुवात करून दिली होती. मी थोडा वेळ उभी राहिले. ती परत म्हणाली, ‘एक.’ खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला आणि मी तिचा पट्टा घेऊन निघाले.

मला वाटलं मावशी थोबाडीत मारेल. तिनं फक्त घड्याळाकडे पाहिलं. ‘चार दिवस,’ ती म्हणाली. ‘वास येतोय म्हणजे अजून आहे ती. फोन लाव.’

गोड आवाजाच्या बाईशी मी आमच्या दोघींना येणाऱ्या मोडक्यातोडक्या भाषेत बोलायची. चेहरा दिसेल असा फोन लावला. तिच्या मागे फुलदाणी होती. तीनशे नऊ? तिनं यादी पाहिली. त्यांचा मुक्काम आज दुपारपर्यंत आहे. दाराला पाटी आहे, त्या आराम करत आहेत. जेवणाचा ट्रे? बाहेर ठेवतात, परत नेतात. परत नेताना भरलेला असतो का? ती थांबली. मग म्हणाली, पेशंटना भूक कमी असते. दार उघडून बघा, मी म्हटलं. पाटी असताना आम्ही उघडत नाही, हा पेशंटच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, तुम्ही भरपूर पाणी—

मावशीनं फोन माझ्या हातातून घेतला. तिला त्या भाषेतलं ओ की ठो येत नव्हतं. तिनं वॉर्डातल्या आवाजात, शुद्ध मराठीत सांगितलं, ‘ए बाई! उठ त्या खुर्चीवरून. वर जा आणि दार उघड. आत्ता!’

गोड आवाजाची बाई उठली. असा आवाज कुठल्याही भाषेत कळत असावा. ती फोन हातात घेऊन निघाली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती उभे राहून आम्ही तिघं तो कॉरिडॉर बघू लागलो. गालिचा, फिकट भिंती, कुणाच्या तरी वाकलेल्या पाठी. टेबलावर डबा होता, डब्यात पट्टा. तीनशे एक. तीनशे पाच. एक बाई कॅमेऱ्यासमोरून गेली, तिच्या सपाता मला ओळखू आल्या. तीनशे नऊ. मुठीला झोपलेल्या बाईची पाटी होती आणि पाटीखाली माझा पट्टा, मी अडकवला होता तसाच, आता वाळलेला.

गोड आवाजाच्या बाईनं दार वाजवलं. दोनदा. आत काही आवाज नाही. तिनं किल्ली काढली, ती आधी चुकीची निघाली, मग दुसरी शोधू लागली.

‘थांबला,’ मावशी म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाला दोन्ही हात टेकून उभी होती. तिनं डब्याचं झाकण काढलं, पट्टा वर उचलला, त्यात तोंड खुपसलं आणि श्वास घेतला. परत घेतला.

‘थांबला गं वास,’ ती म्हणाली.

फोनमध्ये कुलूप उघडल्याचा आवाज झाला.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, की दार उघडलं तेव्हा ती जाऊन काही मिनिटंच झाली असावीत, अंग गरम होतं. आदल्या दिवशी आणलं असतं तर बहुधा वाचल्या असत्या, हे वाक्य त्यांनी क्लिनिकसाठी लिहिलं होतं. त्यांना ठाऊक नव्हतं की ते माझ्यासाठी आहे. आदल्या दिवशी साडेदहा वाजता मी म्हटलं होतं, माझाच, कुणाचा असणार.

मावशी त्या दिवशी गेली नाही. दुपारी तिनं माझं ड्रेसिंग बदललं. दुकानातून नवा पट्टा आणवला होता, तो बांधायला लागली. मी पाठमोरी उभी होते. पहिला हुक लागला तेव्हा तिनं काही मोजलं नाही, पण मला ऐकू आलं, आणि मी रडत खाली बसले. तिनं समजूत घातली नाही. ‘रड,’ म्हणाली. ‘टाके सांभाळून रड.’

त्यानंतर ती चार वर्षं जगली. तिला पुन्हा कधीच कसला वास आला नाही, तोही नाही. ती वर्षं तिनं अशाच जखमा बघण्यात घालवली. परदेशात ऑपरेशन करून आलेल्या आणि इथे कुणी हात लावत नसलेल्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. जाण्याआधीच येत जा, असं ती दामटून सांगायची. इथला एक डॉक्टर आधी गाठायचा, त्याच्याकडून लेखी घ्यायचं, आणि घरचं कुणीतरी सोबत न्यायचं, एकटीनं जायचं नाही. मी सुट्टीच्या दिवशी तिची पिशवी धरायची. आता ती पिशवी माझ्याकडे आहे. टाके मी काढत नाही, ते काम दोन नर्स करतात. मी फक्त त्यांच्यासोबत जाते आणि पट्टा सोडण्याआधी मावशी विचारायची तो प्रश्न विचारते: तुमच्या समोरच्या खोलीत कोण होतं, आणि तिची खबर घेतलीत का? नसेल घेतली तर आधी फोन लावायला लावते, मग जखमेकडे वळतो. काही बायकांना हा प्रश्न विचित्र वाटतो. पण समोरच्या खोलीचा नंबर बहुतेकींना लगेच आठवतो.